हात काढा आधी

दार लावून घ्या. मोबाइल बंद करून खिशात ठेवा. तुमची पुढची मुलं बाहेर थांबली आहेत, त्यांच्या घरच्यांना मी सिस्टरांकडून निरोप दिलाय. आज हे बोलून झाल्याशिवाय तुमच्यातल्या एकालाही मी दुसऱ्या मुलाला हात लावू देणार नाही.

सकाळी साडेदहाला तीन नंबरच्या मॅटवर सहा वर्षांचा एक मुलगा होता. तुमच्यातल्या एकाने त्याचे गुडघे दाबून धरले होते, एकीने खांदे. तिसरा त्याच्या कानाशी तोंड नेऊन "रिलॅक्स कर, रिलॅक्स कर" असं ओरडत होता. मुलगा धनुष्यासारखा मागे वाकला होता. डोकं आणि टाचा एवढंच मॅटला टेकलेलं. जीभ चावली गेली होती, ओठाच्या कडेला रक्त होतं. त्याची आई बाहेर बाकावर, कारण "ताई, तुम्ही असलात की तो लाडावतो" असं सांगून तुम्हीच तिला बाहेर काढलं होतं. मी काचेतून शेवटची दोन मिनिटं पाहिली आणि आत आले. नंतर फाइल उघडली तर त्यात तुम्ही लिहून ठेवलेलं: टोन खूप जास्त, पेशंट सहकार्य करत नाही, पॅसिव्ह स्ट्रेचिंग चालू ठेवणे.

सहकार्य करत नाही. हे लिहायला तुम्हाला दोन सेकंद लागले असतील. आता ही फाइल जिथे जाईल तिथे ते शब्द त्याच्या आधी पोहोचतील. डॉक्टर बदलतील, फिजिओ बदलतील, उद्या शाळेत कुणी ही कागदपत्रं मागेल. प्रत्येक जण त्याला बघायच्या आधी हे वाचेल. तो बोलू शकत नाही, त्यामुळे तुमचं म्हणणं खोडायलाही तो येणार नाही.

मी आत आल्यावर काय केलं ते तुम्ही पाहिलंत. "हात काढा आधी" एवढं म्हटलं, पंखा मंद केला, रेडिओ बंद केला. त्याला कुशीवर वळवलं, कंबर आणि गुडघे वाकवले, खांदे पुढे घेतले, हनुवटी छातीकडे आणली आणि मुटकुळं करून मांडीवर घेतलं. बोलले नाही. चौथ्या मिनिटाला त्याची पाठ सैल पडली. तुम्ही तिघं शेजारीच उभे होतात आणि तुमच्यातल्या एकीने विचारलं, "मॅडम, असं कसं झालं?" याचं उत्तर तुम्हाला तिसऱ्या वर्षालाच यायला हवं होतं, आणि ते येत नसताना तुम्ही एका मुलाला पंचवीस मिनिटं दाबून धरलंत. माझा राग त्याचा आहे.

नीट ऐका. तुम्ही ज्या स्नायूवर जोर लावत होतात, दुखणं त्या स्नायूत नाहीच. मेंदूत खोलवर बेसल गँग्लिया नावाची केंद्रं आहेत. नको असलेल्या हालचालींना आवर घालणं हे त्यांचं मोठं काम. पेला उचलायचा तर कोपर वाकवणाऱ्या स्नायूने आवळायचं आणि सरळ करणाऱ्याने सैल पडायचं. हा आवर सुटला की दोन्ही एकाच वेळी आवळतात. तेवढ्यावरही भागत नाही. हात उचलायला निघालेल्या मुलाची मान फिरते, तोंड वाकडं होतं, पाय ताठ होऊन पंजा आत वळतो. जितका जास्त प्रयत्न, तितकी जास्त ओढ. हाच डिस्टोनिया. म्हणून "जोर लाव" सांगितलं की तो जास्त अडकतो. आणि "रिलॅक्स कर" हीसुद्धा आज्ञाच आहे. ती पाळायची धडपड सुरू झाली की अंग आणखी पिळतं. त्याच्या बाजूने पूर्ण सहकार्य चालू होतं. त्याचाच तो पीळ होता.

परीक्षेत स्पॅस्टिसिटीची व्याख्या तुम्ही सगळ्यांनी घडाघडा लिहिलीत. ताणण्याचा वेग वाढला की विरोध वाढतो. झटक्याने ताणलं तर मध्येच एका जागी अडकतं. बरोबर आहे. मग आज ती तपासून पाहिलीत का? त्याचा गुडघा आधी सावकाश आणि मग वेगाने हलवून बघितलात का? नाही. कडक लागला म्हणून स्पॅस्टिक ठरवलंत आणि वडाची साल पिंपळाला लावलीत. हायपरटोनिया असेसमेंट टूल तुम्हाला मी स्वतः शिकवलंय. सात बाबी आहेत त्यात, पाच-दहा मिनिटांचं काम. एका अवयवाला नुसता स्पर्श केला तर दुसरा वळतो का, एक हात मुद्दाम हलवायला सांगितला तर दुसरीकडे ताठरपणा वाढतो का, एवढं बघितलं असतं तरी डिस्टोनिया समोर आला असता. पुष्कळ मुलांत दोन्ही एकत्र असतं, हे मला मान्य आहे. म्हणूनच तर तपासायचं असतं.

आणि झोप. झोपेत डिस्टोनिया बहुतेक ओसरतो. दिवसा जो पाय लाकडासारखा लागतो तो रात्री गाढ झोपेत पांघरुणाखाली अगदी मऊ असतो. आखडलेला सांधा मात्र झोपेतही आखडलेलाच राहतो. आईला एवढंच विचारायचं, "ताई, झोपला की पाय कसा लागतो हाताला?" तिच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ होता. तिने मला दाखवला. मुलगा झोळीत झोपलाय, दोन्ही गुडघे वाकलेले, मुठी उघड्या. सहा महिने इथे येतेय ती. तिच्याकडे कुणी हे मागितलंच नव्हतं.

झोळीचंही बोलते. मागच्या महिन्यात तुमच्यातल्या एकाने तिला झोळी बंद करायला सांगितली, सवय लागेल म्हणून. झोळीत पाठ गोल होते, कंबर आणि गुडघे वाकतात, खांदे पुढे येतात. जे मी मांडीवर केलं तेच ते कापड करतं. त्या बाईला ते कुणी शिकवलं नाही, रात्री-बेरात्री रडणारं पोर घेऊन तिचं तिने शोधलं. झोळीत भरवू नका, तासन् तास ठेवू नका, माने-पाठीकडे लक्ष ठेवा, असं सांगायचं होतं. तुम्ही तिच्याजवळचा चालणारा एकमेव उपाय काढून घेतलात आणि त्या बदल्यात दिवसातून तीनदा स्ट्रेचिंगचा कागद दिलात.

आता त्याची फाइल. पान अकरा. तुमच्यातल्या कुणी उघडलं होतं? जन्मानंतर चौथ्या दिवशी बाळ पिवळं पडलं. कोवळं ऊन दाखवा, उतरेल, असं सांगून घरी पाठवलं. बाळ दूध ओढेना, मग ताठ झालं, आठव्या दिवशी रक्त बदलावं लागलं. तोवर बिलिरुबिन मेंदूत शिरलं होतं. निळ्या प्रकाशाखाली बाळ ठेवलं की बिलिरुबिन उतरतं, हे इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १९५८ साली छापून ठेवलंय. या मुलाला तो प्रकाश वेळेवर मिळाला नाही. एमआरआयच्या अहवालात स्पष्ट लिहिलंय की दोन्ही बाजूंचं ग्लोबस पॅलिडस बाधित आहे. हे वाचल्यावर चार गोष्टी तुमच्या डोक्यात आपोआप यायला हव्यात. एक तर डिस्टोनिया. दुसरं, कान. अशा मुलांना पुष्कळदा आवाज कळतो पण शब्द कळत नाहीत, कारण कानाकडून मेंदूकडे जाणारा संदेश विस्कटलेला असतो. तुम्ही त्याच्या कानात ओरडत होतात. त्याला शब्द कळला नसेल, दचका मात्र पुरेपूर बसला, आणि दचकलं की डिस्टोनिया उसळतो. तिसरं, डोळे. यांना नजर वर नेणं जड जातं. तुम्ही खुळखुळा त्याच्या कपाळाच्या वर धरला आणि बघत नाही म्हणून 'लक्ष नाही' असा शेरा मारलात. तोच खुळखुळा डोळ्यांच्या रेषेत धरून मी उजवीकडून डावीकडे नेला, त्याने शेवटपर्यंत पाहिला. चौथं म्हणजे दात. दातांवरचं आवरण अशा मुलांत कच्चं राहू शकतं, लवकर किडतं. दुखणारा दात डिस्टोनिया वाढवायला पुरेसा आहे. तोंड उघडून बघितलंत?

आज कारण दात नव्हता. पोट होतं. आईला आत घेतल्यावर पहिल्याच प्रश्नाला ती म्हणाली, "पाच दिवस झाले, शी झाली नाही." आठ दिवसांपूर्वी पॅसिटेनचा, म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिलचा, डोस वाढवला होता. ट्रायहेक्सिफेनिडिलने तोंड कोरडं पडतं, लघवी अडू शकते, बद्धकोष्ठता होते, घाम कमी येतो. आपल्याकडच्या मे महिन्यात त्याने ताप चढलेली मुलं मी पाहिलीत. म्हणूनच ते आठवड्या-आठवड्याने थोडं थोडं वाढवायचं असतं. म्हणूनच वाढवल्यावर विचारायचंही असतं. मी त्याच्या पोटावर हात ठेवला, डाव्या बाजूला गोळे लागत होते. तुम्ही त्याच पोटावरून त्याला ताणत होतात. तुमचं पोट पाच दिवस साफ नसताना कुणी तुम्हाला असं पालथं-उताणं केलं असतं तर तुम्ही ओरडला असता. त्याने पाठ वाकवली, कारण त्याच्यापाशी सांगायला पाठच आहे.

डिस्टोनिया अचानक वाढला की आधी कारण शोधा. पोट, दात, छातीत वर येणारं आम्ल, कानाचा संसर्ग, लघवीचा संसर्ग, खुबा, घट्ट झालेला स्प्लिंट, नवा बूट, कमी झोप, घरातली भांडणं, संपलेलं औषध. यातलं शेवटचं तर आपल्याकडे फार. गोळ्या जिल्ह्याच्या गावी मिळतात, एसटीचं भाडं नसतं, महिनाअखेर चार दिवस स्नायू सैल करणारं बॅक्लोफेन बंद पडतं. बॅक्लोफेन एकदम तोडलं तर झटके येऊ शकतात, ताप चढतो, अंग कमालीचं ताठतं. 'गोळ्या किती उरल्यात?' हा प्रश्न डॉक्टरांचा नाही म्हणून तुम्ही विचारत नाही. ती बाई डॉक्टरांना महिन्यातून एकदा भेटते आणि तुम्हाला आठवड्यातून तीनदा. मग कुणी विचारायचा?

'सहकार्य करत नाही' हा आरोप नवा नाही, म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. १९०८ साली बर्लिनमध्ये श्वाल्बे नावाच्या तरुण डॉक्टरने एका घरातल्या भावंडांचं वर्णन केलं. अंग पिळवटणाऱ्या त्या मुलांवरच्या प्रबंधाच्या शीर्षकातच त्याने हिस्टेरियाचा उल्लेख केला होता. तीन वर्षांनी, १९११ मध्ये, तिथल्याच ओपेनहाइमने डिस्टोनिया हा शब्द दिला. तरीही पुढे कित्येक दशकं अशी माणसं मनाचे रोगी म्हणून गणली गेली. आईबाप विचारून थकले. त्यातल्या एका आनुवंशिक प्रकाराचं जनुक १९९७ मध्ये सापडलं. एवढं सगळं घडून गेल्यावर आज आपल्या खोलीत तुम्ही पुन्हा तेच लिहिता, फक्त शब्द बदलून.

दुसरी गोष्ट जपानची आहे. मासाया सेगावा यांनी १९७१ मध्ये काही मुलींचं वर्णन केलं. सकाळी बरं चालायच्या, दिवस कलला की पाय वळायचा, संध्याकाळी पडायच्या. झोप झाली की पुन्हा ठीक. लेव्होडोपाचा अगदी थोडा डोस दिला की त्या चालायला लागतात आणि चालत राहतात. हा आजार सीपी, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, समजून वर्षानुवर्षं फिजिओथेरपीत अडकलेली मुलं जगभर सापडली आहेत. 'सकाळी चालते, संध्याकाळी नाही, मग नाटक करत असेल,' असं घरचे म्हणतात. शिक्षक म्हणतात. तुम्हीही म्हणाल, जर आईचं वाक्य ऐकण्याआधीच तिला बाहेर बसवलंत तर. ज्या मुलाच्या डिस्टोनियाचं कारण माहीत नाही, ज्याचा जन्म सुरळीत झाला, ज्याचा एमआरआय स्वच्छ आहे, त्याला 'सीपी' म्हणून पुढे ढकलू नका. मेंदूविकारतज्ज्ञांकडे परत पाठवा. मोठ्या मुलात हळूहळू वाढत गेला तर विल्सनचा आजारही असू शकतो, तांबं साठण्याचा, आणि त्यावर औषध आहे. वेळ गेली की ते औषधही गेलेली वेळ परत आणत नाही.

तुम्हाला वाटत असेल मॅडम स्ट्रेचिंगच्या विरुद्ध आहेत. नाही. सांधे खरोखर आखडतात, त्यांना सावकाश, बराच वेळ, आधार देऊन ताण लागतो. तो मुलाला बसवण्या-निजवण्याच्या पद्धतीतून मिळवा. खुर्चीत कंबर पुरेशी वाकू दे, आसनाची पुढची कड किंचित उंच करा, पट्टा कंबरेच्या खाली मांडीच्या घडीत बसवा. डोक्याच्या मागच्या बाजूला मऊ उशी लावली की मुलगा तिच्यावर डोकं रेटून मागे वाकतो, हे तुम्ही दहा वेळा पाहिलंय आणि तरी उशी जाड करत राहता. आधार मानेपाशी आणि बाजूंनी द्या. तळपाय फूटप्लेटला टेकताच पाय ताठत असतील तर पायाची जागा बदलून बघा. सुतार हे सगळं प्लायवुडमध्ये करून देतो, जाडजूड गोधडीची गुंडाळी चालते. मान मागे टाकून, उताणं निजवून कुणी भरवत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. घास श्वासनलिकेत जातो, आणि छातीचा संसर्ग या मुलांना नेतो.

बॅक्लोफेन, पॅसिटेन, क्लोनाझेपाम, गॅबापेंटिन, क्लोनिडिन ही औषधं वापरली जातात. सीपीतल्या डिस्टोनियासाठी यातल्या एकाचाही पुरावा भक्कम नाही, म्हणून प्रत्येक औषध आधी आणि नंतर मोजायचं. बॅरी-अल्ब्राइट मापनात शरीराचे आठ भाग आहेत, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. त्याच खुर्चीत, त्याच वेळी, दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या, आईची परवानगी घेऊन. बोटॉक्सचा परिणाम तीन-चार महिने टिकतो, तेवढ्यात काय साधायचं ते आधी ठरवा. बॅक्लोफेनचा पंप, मेंदूतली डीबीएसची तार, हे निवडक मुलांसाठी आणि जाणत्या केंद्रातच. पाठीच्या मज्जारज्जूच्या मुळ्या कापण्याची शस्त्रक्रिया स्पॅस्टिसिटीसाठी आहे. डिस्टोनिया ओळखता न येऊन तुम्ही मुलाला त्या रांगेत उभं केलंत तर ती चूक परत फिरत नाही.

आणि एक गोष्ट रात्री झोपेतून उठवून विचारली तरी सांगता आली पाहिजे. डिस्टोनिया थांबतच नाही, मुलाला झोप लागत नाही, अंग तापतंय, घामाने भिजतोय, लघवी काळ्या चहासारखी होतेय. हा स्टेटस डिस्टोनिकस. स्नायू फुटून त्यातले घटक रक्तात उतरतात, मूत्रपिंडं बंद पडतात, मुलं दगावतात. त्या मुलाला मॅटवर घ्यायचं नाही, 'उद्या बघू' म्हणायचं नाही. तिथूनच आयसीयू. त्याची सुरुवात बहुतेक वेळा एखाद्या तापाने, दुखण्याने किंवा औषधाच्या बदलाने होते. आज सकाळी आपल्या मॅटवर दुखणंही होतं आणि औषधाचा बदलही होता.

मी तुमच्या वयाची होते तेव्हाचं सांगते. नऊ वर्षांची मुलगी होती. तिला स्टँडरमध्ये उभं करायचे. रोज रडायची, रोज एका बाजूला पिळायची. मी पट्टे आणखी आवळायचे आणि तिच्या आईला सांगायचे, सवय होईल. दोन महिन्यांनी दुसऱ्या कारणासाठी एक्स-रे काढला. खुबा जागेवरून निसटलेला होता. दोन महिने मी तिला त्या खुब्यावर उभं केलं होतं. तिच्या आईने मला एक शब्द लावला नाही, उलट डब्यात लाडू आणला. तो मला गिळवला नाही. तेव्हापासून पिळणारं मूल समोर आलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठे दुखतंय. खुब्याचा शेवटचा एक्स-रे कधीचा, हा दुसरा. या मुलाचा दीड वर्षापूर्वीचा आहे. आज चिठ्ठी गेली.

तुम्ही त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत होतात. "याला काही कळत नाही, पकड तू." हे मी ऐकलं. बेसल गँग्लियाला इजा झालेल्या मुलांत बुद्धी पुष्कळदा शाबूत असते, शरीर तेवढं अडवून धरतं. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत सीपीच्या मुलांसाठी संस्था काढली, त्यांच्या मुलीमुळे. ती मुलगी मालिनी छिब. तिने लंडनमध्ये शिक्षण घेतलं, एका बोटाने टंकत आत्मचरित्र लिहिलं, २०१० साली ते छापून आलं. तिच्यासमोरही कुणीतरी म्हणालंच असणार, हिला काय कळतंय. हा मुलगा शांत झाल्यावर मी त्याला समोर पाणी आणि केळं धरून विचारलं, खुणेने. त्याने डोळे पाण्याकडे नेले. दोनदा बाजू बदलली, दोन्ही वेळा पाण्याकडेच. घसा कोरडा पडला होता त्याचा, गोळीने. सहा महिन्यांत त्याला पहिल्यांदा कुणीतरी काय हवं ते विचारलं.

उद्या नऊ वाजता त्याला बोलावलंय. ज्याने 'सहकार्य करत नाही' हे वाक्य लिहिलं त्याने ते आडव्या रेघेने खोडायचं. व्हाइटनर लावायचा नाही. खाली सही, तारीख. त्याखाली लिहायचं: दोन्ही बाजूंचा डिस्टोनिया, वेदनेने आणि आवाजाने वाढतो, कुशीवर वाकवून धरल्यास ओसरतो, काय हवं ते डोळ्यांनी दाखवतो, ऐकण्याची तपासणी बाकी, खुब्याचा एक्स-रे सांगितला. मग आईसाठी मॅटजवळ खुर्ची ठेवायची आणि शी झाली का हे विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. झोळीबद्दल जे सांगितलं होतं ते चुकीचं होतं, हे तिला ज्याने सांगितलं त्यानेच सांगायचं. माझ्यासमोर.

जा आता. मुलं थांबली आहेत बाहेर. आयांनाही आत घ्या.